वहीतले स्वाध्याय करून कुणाचं खरंच काही हललंय का?

पानगळ
चौदा वर्षं हिशेब खात्यात आहे. काम येतं, पण आता अंगावर येतं. सोडायचं की नुसतं खातं बदलायचं, हेच ठरत नाही. दोन महिन्यांत एक वही भरली. चाक आखून आयुष्याच्या आठ भागांना दहापैकी गुण दिले, 'माझी पाच मूल्यं' लिहिली. प्रामाणिकपणा, कुटुंब, स्वातंत्र्य... हे कोण लिहिणार नाही? वही भरली, मी होतो तिथेच. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनीच सांगा: कुठला स्वाध्याय करू आणि किती दिवस?

दिवेलागण
चाक आणि मूल्यं सोडून द्या. दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. आज काय काय केलं, आणि ते संपल्यावर तरतरी होती की दमणूक. कामागणिक एक ओळ, बस. मी शिकवते. शिकवण्याचाच कंटाळा आलाय असं मला वर्षभर वाटत होतं. नोंदी वाचल्या तर वर्गातले तास सगळे 'तरतरी'त, आणि बैठका नि अहवाल 'दमणुकी'त. राजीनामा लिहून तयार होता हो! शेवटी तेवढ्या जबाबदाऱ्या बदलून मागितल्या.

शाईचा_डाग
दिवेलागणताईंना अनुमोदन. पण मनात राग साचलेला असेल तर आधी तो कागदावर काढा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये केलेला प्रयोग साधा होता: सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं. शुद्धलेखन गेलं उडत. 1994 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या लोकांकडून असंच लिहून घेतलं. ज्यांनी नोकरी जाण्याबद्दलच्या भावना लिहिल्या, त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळालं. गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज वगैरे काही केले नव्हते. बहुधा मुलाखतीत जुन्या साहेबांवरची आग बाहेर पडली नसावी, हा आपला माझा तर्क. अभ्यास लहानच होता, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. मी लिहिलं तेव्हा पहिले दोन दिवस उलट जास्त वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याच त्या तक्रारी लिहायचा मलाच कंटाळा आला. झोपच उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र वही मिटून समुपदेशकाकडे जा.

उंबरठा
आयुष्यातल्या बदलांवर लिहिणारे लेखक विल्यम ब्रिजेस बदल आणि स्थित्यंतर यांत फरक करायचे. बदल बाहेर होतो, एका दिवसात. स्थित्यंतर आत होतं: आधी शेवट, मग मधला रिकामा काळ, मग सुरुवात. आपण सगळे सुरुवातीचेच स्वाध्याय करत बसतो. पानगळ, एक यादी करा: नोकरी सोडली तर काय काय गमवाल? पगार लिहू नका, तो माहीतच आहे.

खडूस_काका
वही भरली म्हणता, फोन किती केले? ज्या कामाकडे वळायचंय ते करणाऱ्या एका माणसाशी अर्धा तास बोला. 'कधीतरी' नको. 'शनिवारी आंघोळ झाली की फोन' असं वेळेला बांधून लिहा. 'अमुक झालं की तमुक करेन' असं ठरवलेलं जास्त तडीस जातं, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातही दिसलंय. मला ते आमच्या साहेबांनी शिकवलं, संशोधन नंतर वाचलं.

पानगळ
सगळ्यांचे आभार. नोंदींचा आज सहावा दिवस. उंबरठा, तुमच्या यादीत पहिलीच ओळ आली: 'काय करता, असं कुणी विचारलं तर काय सांगू?' त्यावर बराच वेळ अडलो. दुसरी ओळ अजून सुचलेली नाही. काका, शनिवारचा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुढच्या शनिवारी परत.

खडूस_काका
रविवारीच लावा.