गेममधला लीडर मधेच बिघडवला आणि आपला जीव तुटला, असं कधी झालंय? अनुभव लिहा

रंकाळ्याकाठचा
भाचा सुट्टीला आलाय, इंजिनिअरिंगला आहे. काल त्याला बायोशॉक इन्फिनिट हा गेम लावून दिला आणि मी शेजारी लसूण सोलत बसलेलो. बंडवाल्यांची म्होरकी डेझी फिट्झरॉय कारखानदार फिंकला मारते, त्याचं रक्त तोंडाला फासते आणि त्याच्या लहान पोरावर पिस्तूल धरते, तिथं आला आणि थांबला. "मामा, ही मघापर्यंत आपल्या बाजूची होती की, आता पोराला का मारतीया?" २०१३ ला मी हाच प्रश्न रात्री दोनला स्क्रीनकडं बघून विचारलेला. पुढं आपल्यासोबतची पोरगी एलिझाबेथ मागनं डेझीला कात्री खुपसते, विषय संपला.
ही बाई कोण? तिथल्या शहराचा सत्ताधीश कॉमस्टॉक, त्याच्या घरची काळी मोलकरीण, मालकिणीच्या खुनाचा आळ अंगावर आला म्हणून पळाली आणि पिचलेल्या कामगारांना धरून व्हॉक्स पॉप्युलाय ही बंडखोर संघटना उभी केली. हे सगळं कळतं कशातनं, तर इकडं तिकडं पडलेल्या रेकॉर्डिंगमधनं! समोर येते ती अगदी थोडा वेळ. गेममधलं साल १९१२. त्याच्या दहा वर्षं आधी आपल्या शाहू महाराजांनी मागासांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखीव केल्या, पण माणूस म्हणून ते आपल्याला कळतात ते दलित गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात बसून चहा प्यायले त्यातनं. डेझीला लिहिणाऱ्यांनी असा एक चहासुद्धा दिला नाही, डायरेक्ट पिस्तूल दिलं. मला हे अजून लागतंय.

पेठेतला_गोली
फार क्राय ३!! त्यातला व्हिलन, वास नावाचा, निम्म्यातच मेला राव. त्याच्यानंतर तो हॉयट, म्हणे खरा मालक हा. अरे पण वासची भीती वाटायची, तो जवळ येऊन बोलायला लागला की माझा हात कंट्रोलरवर घामानं निसटायचा. हॉयटचं काय, सूट घालून सिगार ओढतोय. फॉर्मात असलेला स्ट्रायकर हाफटाईमला बसवल्यासारखं झालं

सायलेंट_वाचक_गडहिंग्लज
पेठेतला_गोली, रविवारी मॅच आहे का रे शाहू स्टेडियमला?

पेठेतला_गोली
आहे. चारला ये, गेटवर फोन कर

दूध_गॅसवर
डेझीचं पुढं सांगते, दूध ठेवलंय म्हणून पटकन. २०१४ ला याच गेमची जोडकथा बरिअल ॲट सी, तिचा दुसरा भाग आला त्यात दाखवलंय की गेममधल्या त्या शास्त्रज्ञ ल्युटेस जुळ्यांनीच तिला पटवलेलं, एलिझाबेथनं तुला मारणं गरजेचं आहे, तू पोराला मारायचं नाटक कर. म्हणजे ती पोराला मारणार नव्हतीच. लोकांना वाटलं बरं झालं खुलासा केला, मी मात्र तेव्हा रडले. एवढी चळवळ उभी केलेल्या बाईचं मरणसुद्धा दुसऱ्या पोरीला मोठं करायला वापरलं. तिची माणसं, तिचं बंड, त्याचं काय? आलं उतू, आले

करवीरकर_८८
मला थोडं वेगळं वाटतंय. बंड करणारे बिघडत नाहीत असं नाही, इतिहासात ढिगानं झालंय, त्यामुळं डेझी बिघडली याबद्दल तक्रार नाही, पण पायऱ्या दाखवा की. रेड डेड २ मधला टोळीचा म्होरक्या डच बघा, आधी जुना साथीदार होझिया शेजारी आहे तोवर जरा ताळ्यावर असतोय, मग शहरातला गुंड ब्रॉन्टे, त्याला बुडवून मगरीपुढं टाकला, बँकेच्या दरोड्यात होझिया गेला, मग गुआर्मा बेटावर एका म्हातारीचा गळा दाबला. प्रत्येक वेळी आपण खेळतो त्या आर्थरचं तोंड बघायचं, एकेक पायरी उतरत जातोय माणूस. मी तो गेम दोनदा संपवला, दुसऱ्यांदा पहिल्या चॅप्टरपासनंच त्याच्या बोलण्यात ते ऐकू येत होतं

दूध_गॅसवर
+१. लास्ट ऑफ अस २ चा आयझॅक पण घ्या यात. एवढ्या मोठ्या फौजेचा म्होरक्या, दोन-चार सीन, आणि यारानं गोळी घातली की खलास. त्याच्या फौजेतली ॲबी त्याच्यासाठी एवढी लढली ती का, ते कळतच नाही

स्टिक_सरकतीया
विषय सोडून विचारतोय माफ करा, कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप वर जातीया, राजारामपुरीत कोण करून देतं का?

करवीरकर_८८
आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन थेंब सोड, स्टिक गोल फिरव, वाळू दे. माझी त्यानं झाली

पंचगंगा_तालीम_नव्हे
गेम जास्त खेळत नाही पण लीडरवरनं आठवलं. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतला एक दादा, नाव नको, मंडळाच्या मीटिंगला कायम मागं बसणारा, त्यानं अख्खी गल्ली बाहेर काढली. बोटीत चढवताना म्हाताऱ्यांच्या हातावर बॉलपेननं त्यांच्या गोळ्यांची नावं लिहीत होता, कागद भिजतोय म्हणून. आम्ही म्हटलं हा कधी असा झाला? मग आई म्हणाली, अरे तो दहा वर्षं झाली त्यांची औषधं आणून देतोय, तुमचं लक्ष नव्हतं. डेझीचं ते 'लक्ष नव्हतं'वालं दाखवायला पाहिजे होतं बहुतेक

रंकाळ्याकाठचा
हातावर बॉलपेन... भावा, हेच म्हणत होतो मी.

नुस्ता_चहा
फॉलआउट ४ मध्ये पहिली वस्ती वाचवली की तिथला साथीदार प्रेस्टन लगेच आपल्यालाच त्यांच्या फौजेचा जनरल करतोय. आमच्यात मंडळाचा खजिनदार व्हायला सहा वर्षं वर्गणी गोळा करावी लागली मला

रंकाळ्याकाठचा
भाच्यानं आज परत पहिल्यापासनं चालू केलाय, म्हणतोय डेझीची सगळी रेकॉर्डिंगं हुडकून ऐकायची. एक लागलंय आत्ता, तिचा आवाज येतोय. उरलेलं रात्री लिहितो.