वर्गासाठी संवादी संकेतस्थळ उभारायचे आहे: मराठी माध्यमाच्या शाळेसाठी कोणते साधन योग्य ठरेल?

मलप्रभाकाठ

सर्वांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत आठवी व नववीला समाज विज्ञान शिकवते. यंदा वर्गासाठी एक संकेतस्थळ उभारावे असे मनात आहे. त्यावर केवळ टिपणे आणि पीडीएफ चढवून ठेवायची नाहीत, कारण तेवढे काम व्हॉट्सॲपच्या गटावरही होते. विद्यार्थ्याने पानावर येऊन काही करावे, उत्तर द्यावे, चुकल्यास का चुकले ते त्याला तेथेच कळावे आणि स्वतः मिळवलेली माहितीही त्याला तेथे मांडता यावी, अशी माझी इच्छा आहे.

पहिला घटक मलप्रभेच्या खोऱ्याचा घ्यायचे ठरवले आहे. ही नदी आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून वाहत जाऊन सौंदत्तीजवळ नविलतीर्थ धरणात अडवली जाते आणि पुढे पट्टदकल, ऐहोळे या परिसरातून जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. नकाशावरील ठिकाणावर बोट ठेवताच छायाचित्र आणि माहिती उघडावी, त्याखाली प्रश्न असावेत, आणि आपल्या गावच्या ओढ्याविषयी किंवा विहिरींविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले मुलांनी लिहून जोडावे, असा आराखडा आहे.

अडचणी अशा आहेत. बहुतेक मुलांच्या हाती पालकांचा फोन संध्याकाळीच येतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. सर्व मजकूर मराठीतच हवा. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. गूगल साइट्स व वर्डप्रेस (दोन्ही संकेतस्थळ बनवण्यासाठी) आणि पॅडलेट (सर्वांना मजकूर-चित्रे लावता येणारा ऑनलाइन फलक) ही तीन साधने मी वरवर पाहिली आहेत. एकदा काम सुरू केल्यावर सगळे पुन्हा दुसरीकडे हलवावे लागू नये, म्हणून आधीच विचारते आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणी_गणित

मॅडम, तुम्ही साधनाचे नाव विचारण्याआधी विद्यार्थ्याने काय करायचे ते लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. माझ्या मते मुख्य संकेतस्थळ गूगल साइट्सवरच करावे. ते विनामूल्य आहे, फोनच्या पडद्यानुसार पान आपोआप जुळवून घेते, आणि गूगल माय मॅप्समध्ये तयार केलेला नकाशा त्यात थेट बसवता येतो. नकाशातील प्रत्येक खुणेला छायाचित्र व मजकूर जोडता येतो, म्हणजे तुमची पहिली गरज तेथेच भागते.

प्रश्नांसाठी गूगल फॉर्म्समधील चाचणीचा प्रकार वापरा. त्यात चुकीच्या उत्तरासाठी वेगळा अभिप्राय लिहिता येतो आणि त्या अभिप्रायात एखाद्या पानाची लिंकही देता येते. याहून उपयोगी सोय म्हणजे दिलेल्या पर्यायानुसार विद्यार्थ्याला वेगळ्या विभागात पाठवणे. मलप्रभा पश्चिमेकडे वाहते असे ज्याने निवडले, त्याला लगेच पुढचा प्रश्न न देता उंचसखलपणाचा नकाशा असलेल्या विभागात न्यावे आणि तेथून पुन्हा त्याच प्रश्नावर आणावे. मी गणितात अपूर्णांकांसाठी हीच रचना वापरतो. मुले नुसते ‘चूक’ असे वाचून थांबत नाहीत, हा तिचा खरा लाभ आहे.

दोन गोष्टी मात्र आधीच जाणून घ्या. गूगल साइट्सच्या पानावर वाचकाला प्रतिक्रिया लिहिण्याची सोय नाही, त्यामुळे मुलांचे लेखन फॉर्ममधून घेऊन, ते तपासून, तुम्हालाच पानावर मांडावे लागेल. तसेच फॉर्ममध्ये फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला, तर उत्तर देणाऱ्याला गूगल खात्याने प्रवेश करावाच लागतो. ज्या मुलांचे स्वतःचे खाते नाही, ती तेथेच अडतील. म्हणून छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागवा आणि फॉर्ममध्ये केवळ मजकूर घ्या.

टिळकवाडीकर

मी शिक्षक नाही. बेळगावात संकेतस्थळे बनवण्याचे काम करतो आणि माझे शिक्षण मराठी शाळेत झाले असल्याने हा विषय मला जवळचा वाटतो. निपाणीच्या सरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण नेटवर्कची अडचण त्याने सुटत नाही, कारण साइट्स आणि फॉर्म्स ही दोन्ही साधने इंटरनेट असेल तरच उघडतात.

त्यासाठी एच-फाइव्ह-पी पाहावे. हे मुक्त स्रोताचे साधन असून त्यात छायाचित्रावर स्पर्शबिंदू ठेवणे, शब्द ओढून रिकाम्या जागी बसवणे, प्रश्नपत्ते उलटणे, चित्रफितीच्या मध्येच प्रश्न विचारणे असे अनेक प्रकार तयार मिळतात. ते वर्डप्रेसमध्ये प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, म्हणून बसते, परंतु वर्डप्रेस डॉट कॉमच्या विनामूल्य योजनेत प्लगइन घालता येत नाहीत. तुमच्यासाठी ल्युमी नावाचा विनामूल्य संपादक अधिक सोयीचा आहे. तो संगणकावर उतरवून घ्यायचा, त्यात पाठ तयार करायचा आणि सर्व काही सामावलेली एकच एचटीएमएल फाइल म्हणून साठवायचा. ती फाइल शाळेत मुलांच्या किंवा पालकांच्या फोनमध्ये घातली की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते. यूट्यूबची चित्रफीत वापरली असेल, तर तेवढ्या भागाला मात्र नेटवर्क लागेल. छायाचित्रे आधी लहान करून घ्या, नाहीतर फाइल जड होते. बटणांवरील इंग्रजी शब्दांच्या जागी ‘तपासा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे मराठी शब्द त्याच संपादकात भरता येतात.

ही फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून पानासारखी उघडता येत नाही. ड्राइव्हची ती सोय २०१६ मध्येच बंद झाली. गिटहब पेजेस या पाने प्रसिद्ध करण्याच्या सेवेवर ती विनामूल्य ठेवता येते आणि तेथील पत्ता गूगल साइट्समध्ये बसवता येतो. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, ब्राउझरमधूनच फाइल चढवता येते.

‘पुन्हा दुसरीकडे हलवावे लागू नये’ ही तुमची काळजी अगदी रास्त आहे. शिक्षकांनी भरभरून वापरलेले विकिस्पेसेस २०१८ मध्ये बंद झाले, एडमोडो २०२२ मध्ये, आणि गूगलचा स्वतःचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस. म्हणून मूळ मजकूर, छायाचित्रे आणि एच-फाइव्ह-पीच्या फायली शाळेच्या संगणकावर व पेनड्राइव्हवर आधी ठेवाव्यात आणि संकेतस्थळ ही त्यांची एक प्रत मानावी. पॅडलेट चांगले असले तरी विनामूल्य योजनेत मोजकेच फलक मिळतात, त्यामुळे वर्षभराचे काम त्यावर उभे करू नये.

चिकोडी_मराठी

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मराठी मजकुराच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहितो, कारण ही बाजू बहुधा कोणी सांगत नाही.

शाळेतील जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे बहुतेक वेळा युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टांत टाइप केलेली असतात. ती संकेतस्थळावर चिकटवली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. परिवर्तकातून ती युनिकोडमध्ये आणता येतात, परंतु जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात. नवा मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहावा.

दुसरी बाब फॉर्म्समधील लघुत्तरांची. तेथे संगणक अक्षरन् अक्षर जुळवून पाहतो. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळ्या रीतीने साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. ‘१८३१’ हे वर्ष एका मुलाने देवनागरी अंकांत आणि दुसऱ्याने इंग्रजी अंकांत लिहिले, तर एकाचे बरोबर उत्तर चूक ठरते. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिल्याचे ते वर्ष ज्या मुलाला पाठ आहे, त्याला संगणकाने चूक म्हटले की तो त्या पानाकडे पुन्हा फिरकत नाही. म्हणून असे प्रश्न बहुपर्यायी ठेवावेत, किंवा मान्य उत्तरांच्या यादीत सर्व रूपे भरावीत.

प्रश्नपत्त्यांचा प्रकार परिभाषेसाठी अवश्य वापरा. आपली मुले दहावीनंतर पी.यू.सी.ला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) जातात, तेव्हा मराठीतून शिकलेल्या संज्ञा त्यांना एकाएकी इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये भेटतात. पत्त्याच्या एका बाजूला ‘खोरे’, ‘उपनदी’, ‘जलविभाजक’ आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे कन्नड व इंग्रजी पर्याय दिले, तर दोन वर्षांत मुलांच्या हाताशी मोठा संग्रह होईल. सीमाभागातील आपल्या मुलांना याची जितकी गरज आहे, तितकी क्वचितच इतर कुणाला असेल.

आणखी एक विनंती. मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे आणि गावांची नावे खुल्या पानावर एकत्र देऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पालकसभेत लेखी संमती घ्यावी, आणि लेखनाखाली ‘नववीतील विद्यार्थिनी’ एवढेच लिहावे. गूगल साइट्समध्ये शोधयंत्रांना पान न दाखवण्याची विनंती करणारा पर्याय आहे, तो चालू करावा.

मलप्रभाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गूगल साइट्सवर मुख्य पान आणि नकाशा, आणि सराव ल्युमीच्या फाइलीतून, असे ठरवते आहे. परिभाषेचे पत्ते कन्नडच्या सरांना सोबत घेऊन करीन. एक शंका राहिली आहे. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या फाइलीत मुलाने काय सोडवले, ते मला कसे कळेल?

टिळकवाडीकर

तशा फाइलीतून तुमच्याकडे आपोआप काहीच येत नाही. म्हणून सराव आणि तपासणी वेगळी ठेवा. मुलाने फाइल कितीही वेळा सोडवावी, चुकावे, पुन्हा करावे, त्याची नोंद नकोच. धड्याच्या शेवटी मात्र चार-पाच प्रश्नांच्या फॉर्मची लिंक द्या. ती उघडण्यापुरतेच नेटवर्क लागेल, आणि ज्यांच्या गावात तेही मिळत नाही, त्यांना तो फॉर्म दुसऱ्या दिवशी शाळेतील संगणकावर भरू द्या. उत्तरे गूगल शीट्समध्ये जमा होतील. कोणत्या प्रश्नावर बहुतेक मुले अडली आहेत ते तेथे पाहून त्या प्रश्नासाठी ल्युमीत एक नवा सराव जोडा आणि फाइलीच्या नावात तारीख घाला, म्हणजे कोणाच्या फोनमध्ये जुनी प्रत आहे ते लगेच ओळखता येईल.