यम चाचे निमंत्रण : चहा व डिम समच्या रीतींविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न : हाँगकाँगमधील एका कँटोनीज कुटुंबाने आम्हा उभयतांना रविवारी सकाळी यम चासाठी, म्हणजे चहासोबत डिम सम (वाटून खायचे छोटे वाफवलेले वा तळलेले पदार्थ) खाण्यासाठी, बोलावले आहे. आमच्याकडून यजमानांचा अवमान होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया तेथील रीती सांगाव्यात.

उत्तर १ : प्रथम चहा निवडतात; पु-एर (आंबवलेला गडद चहा), शेवंतीचा किंवा दोहोंचे मिश्रण बहुधा असते. स्वतःचा पेला भरण्याआधी इतरांचे, त्यातही वडीलधाऱ्यांचे पेले भरावेत. आपल्याला कोणी चहा ओतत असेल, तर संभाषण न थांबवता बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानतात. वेषांतर करून फिरणाऱ्या चीनच्या छ्येनलोंग सम्राटाने चहा ओतला तेव्हा सेवकाला सर्वांदेखत दंडवत घालता येईना, म्हणून त्याने केवळ बोटे वाकवली, अशी दंतकथा आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरके ठेवावे. वेटर गरम पाणी भरून देतो.

उत्तर २ : हार गाव, म्हणजे कोळंबी भरलेले वाफवलेले डिम सम, अवश्य खावे. गव्हाचा स्टार्च व टॅपिओका यांची पारी इतकी पातळ असते, की आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो; माझ्या मते स्वयंपाक्याचे कसब येथेच कळते. बांबूच्या टोपलीत बहुधा तीन-चारच नग असतात व ते सर्वांनी वाटून घ्यायचे असतात.

उत्तर ३ : आपण शाकाहारी असल्यास यजमानांना आधीच कळवावे, कारण मुळ्याच्या तळलेल्या वड्यांतही बहुधा सोडे व डुकराच्या मांसाचे सॉसेज असते.