टमी टकआधी वजन अडकलंय, मदत हवी आहे

दोन सिझेरियननंतर पोटाची कातडी लोंबतेय आणि मधले स्नायूही फाकलेत, फिजिओ करूनही फारसा फरक नाही म्हणून टमी टक (जादा कातडी काढून पोटाचे स्नायू शिवण्याचं ऑपरेशन) करायचं ठरवलंय. सर्जन म्हणाले बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या खाली आणा, मग काही महिने वजन स्थिर ठेवा, तेव्हाच तारीख देतो, कारण जास्त वजनात जखम नीट न भरण्याचा आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. पटलं मला ते. उंची १५८ सेंमी, वजन ९० वरून ७८ वर आलं नि तिथेच थांबलंय, ७४ तरी व्हायला हवं.

रोज चालणं, घरी डंबेल्स, साखर बंद, पोळी-भात मोजून, सगळं चालू आहे. थायरॉइड, शुगर नॉर्मल. हिमोग्लोबिन मात्र १०.५, गोळ्या चालू आहेत, त्यामुळे कडक उपास किंवा क्रॅश डाएट कृपया सुचवू नका. शाकाहारी आहे, अंडी चालतात. सिगारेट नाही, आणखी मूल नकोय. डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचं (भूक कमी करून वजन उतरवणारं) इंजेक्शन सुचवलंय पण त्याने पोट उशिरा रिकामं होतं नि भूल देताना पोट रिकामं असणं महत्त्वाचं असतं म्हणून अजून घेतलं नाहीये.

ज्यांनी असं ऑपरेशनआधी वजन उतरवलंय त्यांचे शेवटचे तीन-चार किलो कशाने गेले, प्रोटीन रोज किती ग्रॅम घेत होतात, आणि इंजेक्शन घेतलं असेल तर भूलतज्ज्ञांनी ते किती आधी बंद करायला सांगितलं?