म्हातारपण सगळ्यांनाच येतं का? कारवी, तिवर, उंदीर आणि आपण

बोरिवलीकर (मूळ धागा)
परवा कान्हेरीच्या बाजूला फिरायला गेलो होतो. २०२४ला जांभळी झालेली कारवी आता नुसत्या काटक्या. बोट लावलं की कट्कन मोडते. आठ वर्षं वाढायचं, एकदाच फुलायचं, बी टाकायचं आणि अख्ख्या उताराने एकदम मरायचं. खाली नवी रोपं, सगळी एका इयत्तेतली.

'म्हातारपण कोणाला चुकलंय' हे आपण माणसाकडे बघून म्हणतो. २०१४ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ओवेन जोन्स आणि मंडळींनी ४६ प्रजातींच्या जन्ममृत्यूचे हिशेब शेजारी शेजारी मांडले. जपानी बायकांमध्ये शंभरीपुढे मृत्यूचा धोका आयुष्याच्या सरासरीच्या वीसपटीवर जातो. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवात वयाने काही फरकच पडत नाही. वाळवंटी कासव आणि तिवर यांच्यात तर वय वाढेल तसा धोका उतरतो. तिवर म्हणजे खारफुटीचं झाड, ऐरोलीच्या खाडीत आहे तेच!

माझं म्हणणं, देवनारच्या संस्थेत माणसांची लोकसंख्या शिकवतात, तिथे सुरुवातच या तक्त्यांनी व्हावी. माणूस हा नमुना नाही, अपवाद आहे.

दादर_पश्चिम
काहीही! तिवराची बहुतेक रोपं चिखलातच मरतात, तगलं ते तगलं. आलेख खाली येणारच. यात म्हातारपण नाही असं कुठे सिद्ध झालं? आणि माणसाच्या मरणाला दाखला असतो, डॉक्टरची सही असते. तिवराचा दाखला कोणत्या वॉर्डात मिळतो?

बोरिवलीकर
रोपं धरलेलीच नाहीत. मोजणी वयात आल्यापासूनची आहे. दाखल्याचं मान्य.

निवृत्त_विमेवाला
माझी नोकरी हप्ते ठरवण्यात गेली, म्हणून तोंड घालतो. आमच्या धंद्याचा मूळपुरुष गोंपर्ट्झ. १८२५ साली त्याने दाखवलं की प्रौढ माणसाचा मृत्यूचा धोका वयाबरोबर ठराविक पटीने चढतो. आजच्या हिशेबाने साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट. तिशीत एक धरला तर ५४ला आठ, ७८ला चौसष्ट. पुढे लोकांनी हे सगळ्याच प्राण्यांना लावून टाकलं. मग २०१८ला नेकेड मोल रॅट या बिळात राहणाऱ्या, बिनकेसाच्या उंदरासारख्या प्राण्याचा अभ्यास आला. आकाराने घरातल्या उंदराएवढा, पण तीस वर्षांच्या वर जगतो, आणि तीन हजारांवर जनावरांच्या नोंदींत धोका वयाबरोबर चढलेला दिसला नाही.

दादर_पश्चिम
काका, तो अभ्यास मीही चाळलाय. त्यातली कितीतरी जनावरं प्रयोगासाठी मारली किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेत धाडली. खरी म्हातारी होईपर्यंत ठेवलीच किती?

निवृत्त_विमेवाला
पॉलिसी मध्येच सोडून गेलेला आणि मेलेला, हे दोघे आम्हीही वेगळेच धरायचो. गेलेला माणूस जितकी वर्षं आपल्याकडे होता तितकी मोजायची, पुढची नाही. गणित पक्कं आहे. मात्र शेवटच्या टोकाला आकडे विरळ होतात हे तुमचं बरोबर. नव्वदीपुढच्या माणसांच्या तक्त्यात आम्हीसुद्धा अंदाजानेच रेघ ओढायचो.

मुलुंडची_सून
सगळे मरणावरच अडकलात. जन्माचं कोण बोलणार? बहुतेक प्राण्यांत मादी मरायच्या सुमारापर्यंत वीत राहते. पाळी जाऊन पुढे कित्येक वर्षं जगणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या: आपण आणि काही देवमासे. ओर्का मादी चाळिशीच्या आसपास थांबते, पुढे ऐंशीपर्यंतही जगू शकते. २०१२च्या एका अभ्यासात तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली, की पुढच्या वर्षात त्याचा मृत्यूचा धोका १४ पट. घोडा झालेला मुलगा, तरी आई लागतेच! (आमच्याकडे वेगळं काय आहे.) हे माणसांच्या तक्त्यात कितीही खोल शिरलात तरी दिसणार नाही, कारण आपल्याला आजी असणं नेहमीचंच वाटतं. बोरिवलीकरांना माझं मत.

दादर_पश्चिम
हे पटलं, पण अर्धंच. ओर्काचं मोजता आलं कारण एकेक मासा फोटोवरून ओळखून लोकांनी वर्षानुवर्षं वह्या भरल्या. अशी वही असेल तर मी कासवही मान्य करतो. तिवराचं अजून नाही.

बोरिवलीकर
मग कारवी घ्या. २०२५च्या पावसातली रोपं, जन्मसाल सगळ्यांचं एकच. एक चौरस मीटर दोरी लावून आखायचा आणि दरवर्षी मोजायचं, २०३२पर्यंत. वही मी आणतो. परवानगीचा अर्ज तुम्ही लिहा, सह्यांचा शौक तुम्हाला आहे.