मदत हवी आहे: विज्ञान दिन, तीन नोबेल आणि चाळीस मिनिटं

बालाघाटकर

मंडळी, नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. दरवर्षी रामन यांच्या फोटोला हार, १९२८ सालची गोष्ट आणि दोन मुलांची पाठ केलेली भाषणं, एवढ्यावर भागतं. यंदा मुख्याध्यापकांचं फर्मान आहे की २०२५ ची वैद्यक, रसायन आणि भौतिक अशी तिन्ही नोबेलं सोप्या मराठीत सांगा. वेळ चाळीस मिनिटं. पुढे आठवी-नववीची मुलं, मागे सतरंजीवर पालक. बोर्डाच्या परीक्षेमुळे वर्गखोल्या अडकलेल्या, त्यामुळे कार्यक्रम पटांगणात कडुलिंबाखाली. म्हणजे प्रोजेक्टर बाद.

वाचन झालंय, नावं-गावं पाठ आहेत. घोडं अडलंय ते वेगळीकडेच. भौतिकचं नववीवर सांगून पाहिलं. चेंडू भिंतीला धडकण्याऐवजी आरपार जातो, हे सगळीकडे असतं ते उदाहरण दिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "कुठल्या भिंतीतून, सर?" पुढचा सगळा वेळ भिंतीवरच गेला.

दुसरं असं की गावात व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरतोय: हवेतून पाणी ओढणाऱ्या पावडरीला नोबेल मिळालं, आता दुष्काळ मिटला. विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केलीय, त्यामुळे पहिला हात त्यावरच वर होणार. आणि आठवीतल्या एका मुलीला टाइप १ मधुमेह आहे, दिवसाला चार इंजेक्शनं. तिची आई येणार आहे. वैद्यकाचं नोबेल नेमकं अशाच आजारांशी जोडलेलं. तिला खोटी आशा लावायची नाही आणि तोडूनही बोलायचं नाही.

तर हवंय ते असं: मुलांच्या हातात देता येईल असं काहीतरी, खर्च पाचशेच्या आत. आणि या दोन प्रश्नांना धड उत्तरं.

आगाऊ_कार्टं

तिन्ही घेऊच नका सर. मुख्याध्यापक खुर्चीत टेकले की दोन नोबेलांची नुसती नावं घ्यायची आणि उरलेल्या वेळात तिसऱ्यावर ठाण मांडायचं.

रेणूताई

आगाऊशी निम्मी सहमत. तिन्ही घ्या, पण सारखी वाटणी करू नका. माझं मत रसायनाच्या पारड्यात, कारण मी त्याच क्षेत्रातली आहे आणि ते खरोखर हाताने करून दाखवता येतं.

हे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी यांना मिळालं. धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे लांब कार्बनी रेणू यांची जाळीदार रचना, तिला एमओएफ म्हणतात. आत मोकळ्या खोल्याच खोल्या. सर, तुम्ही सुरुवात रॉब्सनपासून करा, कारण तो तुमच्यासारखाच मास्तर. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात त्याला विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्या आणि काड्यांची रेणूंची मॉडेलं करून हवी होती. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची, ते कार्यशाळेला नेमकं सांगावं लागलं. कार्बनला चार भोकं, अमुक कोनात. मॉडेलं जोडताना त्याच्या लक्षात आलं की भोकं बरोबर जागी असली की आकार आपोआप बरोबर येतो, म्हणजे पुढच्या रचनेची माहिती भोकांच्या जागेतच भरलेली आहे. मग खऱ्या अणूंच्या या गुणावर नवी रचना का बांधू नये? हा विचार त्याने बरीच वर्षं डोक्यात ठेवला आणि १९८९ मध्ये छापला: तांब्याचे आयन, चार हातांचा रेणू, हिऱ्यासारखी मांडणी, आत भरपूर पोकळी. ती रचना लेचीपेची होती, पण वाट सापडली.

आता प्रयोग. पांढरे वाटाणे आणि टूथपिक. प्रत्येक गटाला मूठभर वाटाणे द्या आणि नियम एकच सांगा: 'एका वाटाण्यात सहाच काड्या, सगळ्या एकमेकींशी काटकोनात किंवा समोरासमोर.' चित्र दाखवू नका. पोरं आपसूक घनाकार खोल्यांची चाळ उभी करतात. यागीच्या १९९९ च्या एमओएफ-५ ची जोडणी हीच. त्यात जस्त आहे आणि जोडकाडी म्हणून टेरेफ्थॅलिक आम्ल, जे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या बनवायला वापरतात. अशा दोन ग्रॅम पावडरीच्या आतल्या भिंती उलगडल्या तर फुटबॉलच्या मैदानाएवढ्या भरतात. तुमच्याकडे मैदान नका सांगू, सत्तर गुंठे सांगा. पालक एकदम सरसावून बसतील.

अवांतर: यागी जॉर्डनमध्ये अम्मानला एका निर्वासित पॅलेस्टिनी कुटुंबात वाढला. घरात वीज नाही, नळ नाही. शाळेच्या कुलूपबंद ग्रंथालयात दहाव्या वर्षी गुपचूप शिरला आणि एका पुस्तकात रेणूंची चित्रं दिसली. हे मात्र मुलांना सांगाच.

कोरडवाहू

ताई, गुंठ्यांचं ठीक. पाण्याचं काय? व्हिडिओ खोटा आहे का?

रेणूताई

खोटा नाही, फुगवलेला आहे. यागीच्या गटाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हवेतून पाणी काढून दाखवलंय. रात्री पावडर वाफ धरते, दिवसा उन्हाने तापली की सोडते, ती वाफ थंड पृष्ठभागावर जमते. २०१७ च्या त्यांच्या शोधनिबंधातला आकडा असा: २० टक्के आर्द्रतेतही एक किलो एमओएफमागे दिवसाला २.८ लिटर शक्य.

आता हिशेब करा. दहा हजार लिटरचा एक टँकर रोज भरायचा तर साडेतीन टनांहून जास्त पावडर लागेल, आणि तीही सगळं मनासारखं घडलं तर. आणि हवेत मुळात पाणी किती? चाळीस अंशाच्या दुपारी आर्द्रता २० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे दहा ग्रॅम. दहा बाय दहाची दहा फूट उंच खोली घ्या, तिच्यातल्या सगळ्या हवेचं पाणी काढलंत तरी जेमतेम पाव लिटरच्या वर. शंभर टक्के काढलंत तर! पावडर कितीही हुशार असली तरी हवेत नाही ते कुठून आणणार? एखाद्या घराला पिण्यापुरतं पाणी, इथवर ही गोष्ट समजण्यासारखी आहे. उसाला नाही.

एक गंमत म्हणजे ज्या एमओएफ-५ चा एवढा गवगवा, ती स्वतः दमट हवेत मोडते. पाण्यासाठी वेगळे एमओएफ लागतात.

सर, हेही पटांगणात दाखवता येतं. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या गोळा करा. (निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, मुलांच्या हातात नको. पांढरं घ्या.) ते तापवून कोरडं करा, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन करा, मग ओल्या फडक्याशेजारी बंद डब्यात रात्रभर ठेवा. नुसतं उघड्यावर ठेवलंत तर फेब्रुवारीच्या तुमच्या कोरड्या हवेत फरक दिसणार नाही. सकाळी सगळ्यांसमोर वजन, मग जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून परत वजन. धरणं आणि सोडणं, दोन्ही काट्यावर दिसतं. सिलिका जेल काही एमओएफ नाही, हे बोलून टाका.

दवाखाना_बंद_आहे

डॉक्टर आहे, खालचं सल्ला म्हणून घेऊ नये.

वैद्यकाच्या नोबेलमध्ये मुलांना सर्वांत आवडेल असा भाग म्हणजे शोध कसा लागला तो. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. शिमोन साकागुची ज्या प्रयोगामागे लागला तो असा: जन्मून तीन दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लाचा थायमस काढला. पेशींचं सैन्य कमी पडून पिल्लू दुबळं व्हावं ना? झालं उलटंच, त्या पेशी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडल्या. मग सारख्याच वाणाच्या निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या, तर आजार टळला. म्हणजे टी पेशींमध्येच काही आवर घालणाऱ्या असल्या पाहिजेत. इथे थांबा आणि मुलांना विचारा, पुढे तुम्ही काय शोधाल? १९९५ मध्ये साकागुचीने त्या पेशी ओळखून दाखवल्या, तेव्हा या कल्पनेवर फारसा कोणाचा विश्वास उरला नव्हता.

दुसरी बाजू मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांची. १९४० च्या दशकात अमेरिकेत ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत खवलेदार कातडीचे उंदीर आपोआप जन्मले होते, फक्त नर आजारी, काही आठवड्यांत मरायचे. दोष एक्स गुणसूत्रावर आहे एवढं कळत होतं. त्या गुणसूत्रावर डीएनएची सुमारे १७ कोटी अक्षरं. यांनी शोधाची जागा पाच लाखांवर आणली, तिथे वीस जनुकं निघाली, एकेक तपासत गेले आणि दोष सापडला तो विसाव्यात. २००१ साली जाहीर केलं: फॉक्सपी३. माणसाच्या मुलांमधला आयपेक्स नावाचा दुर्मीळ आजारही त्याचाच. पुढे दोन वर्षांत कळलं की साकागुचीच्या पेशी घडवणारं जनुक हेच.

आता त्या मुलीची आई. टाइप १ मधुमेहात प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, त्यामुळे संबंध खरा आहे. या आवर घालणाऱ्या पेशी वाढवायच्या किंवा बाहेर वाढवून परत द्यायच्या, यावर माणसांमध्ये चाचण्या चालू आहेत. पण या शोधातून निघालेलं आणि इन्सुलिन थांबवू शकेल असं औषध आज दुकानात नाही. हे सभेत सगळ्यांपुढे सांगू नका, कार्यक्रमानंतर त्यांना बाजूला घेऊन सांगा. वाक्य सरळ ठेवा: "संशोधन चालू आहे, इन्सुलिनचा एकही डोस चुकवायचा नाही, आणि कोणी 'कायमचा बरा करतो' म्हणाला तर आधी डॉक्टरांना विचारा." मुलीकडे बोट तर चुकूनही नको.

आणखी एक. कोणीतरी आजोबा गुडघ्याला हात लावून विचारणारच. सांध्यांची झीज आणि आमवात हे दोन वेगळे. आमवातात शरीर स्वतःवर उलटतं, म्हातारपणच्या झिजेचं मूळ तसं नसतं. दोन्हींना संधिवात म्हणतात म्हणून घोळ होतो.

कोलाब्याचा_पाहुणा

भिंत सोडा सर, फासे घ्या.

भौतिकचे मानकरी जॉन क्लार्क, मिशेल देवोरे, जॉन मार्टिनिस. बर्कलेला १९८४-८५ मध्ये केलेले प्रयोग. विजेचं मंडल (सर्किट) सेंटिमीटरभर चिपवरचं, दोन अतिवाहकांच्या (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांच्या) मध्ये विद्युतरोधकाचा पातळ थर. त्यातून थोडा प्रवाह सोडला तरी व्होल्टेज शून्य, मंडल त्या अवस्थेत अडकून बसतं. मग अचानक व्होल्टेज उमटतं, म्हणजे सुटलं. कधी सुटेल हे एका वेळेसाठी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून परत परत करून वेळ मोजायचा.

साठ मुलं उभी करा, प्रत्येकाला लुडोचा फासा. तुम्ही म्हणाल तेव्हा सगळ्यांनी टाकायचा, सहा पडला तो खाली बसला. दर फेरीला उभी किती ते फळ्यावर: ६०, मग पन्नासच्या आसपास, बेचाळीस, पस्तीस. कोण कधी बसणार हे कोणालाच माहीत नसतं, तरी वक्ररेषा दर वेळी तशीच येते. त्यांनी मोजलेली वक्ररेषा याच जातीची.

पण हे सुटणं उष्णतेच्या धक्क्यानेही होऊ शकतं. म्हणून त्यांनी मंडल थंड करत नेलं. गार होईल तसं सुटायला जास्त वेळ लागू लागला, ठीकच. मात्र एका तापमानाखाली कितीही गार केलं तरी वेळ वाढेना. उष्णता संपत आली तरी मंडल सुटतंच आहे, तर मग सोडवतंय कोण? बोगदा पाडून जाणं म्हणतात ते हेच, आणि एकट्यादुकट्या इलेक्ट्रॉनचं नाही, इलेक्ट्रॉनच्या अब्जावधी जोड्या मिळून. पुढे सूक्ष्मलहरी सोडून पाहिल्या, तर मंडल ठरावीक वारंवारितेच्याच घेतं, हेही दिसलं. एवढं आठ मिनिटांत बसतं.

उपयोग विचारला तर अशाच मंडलांचे क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक, होतात, आणि ते इथेही होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था, पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. काम झालं कुलाब्याला.

कोरडवाहू

हे सगळं छान, पण पालकांना आधी उपयोग सांगा. नाहीतर उठून जातील.

कोलाब्याचा_पाहुणा

मला उलट वाटतं. उपयोग आधी सांगितला की त्या व्हिडिओशीच स्पर्धा सुरू होते आणि त्यात आपण हरतो. तो पाणी देतोय, आपण वाटाणे देतोय. कसं कळलं हे सांगा, ते व्हिडिओत नसतं.

बालाघाटकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस धाग्यावर आलो नाही, निवडणूक याद्यांचं काम गळ्यात पडलं होतं.

असं ठरवलंय: सुरुवातीला फासे, कारण सगळी पोरं एकदम उभी राहतात आणि मागची कुजबूज थांबते. मग उंदराची गोष्ट, "पुढे तुम्ही काय शोधाल?" इथे थांबून. उरलेली वीस मिनिटं वाटाण्यांना. पाण्याचा हिशेब मी करणार नाही, नववीतली दोन मुलं फळ्यावर करतील, खोलीचं माप त्यांच्याच घरचं. पोटच्या पोराने मांडलेल्या हिशेबावर गावात कोणी सहसा वाद घालत नाही. त्या ताईंशी आदल्या दिवशीच घरी जाऊन बोलतो, कार्यक्रमानंतर गर्दी असते.

कोरडवाहू, उपयोग शेवटी येईलच, चहाच्या वेळी सगळे तेच विचारतील.

रेणूताई, वाटाणे किती वेळ भिजवायचे? आणि शनिवारी सकाळची शाळा आहे, सव्वासातला मुलं हजर.

रेणूताई

गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी सकाळी निथळून फडक्यावर पसरा आणि दुपारी एका गटाकडून एक नमुना जोडून घ्या. सुकताना वाटाणा आकसतो आणि काडी घट्ट धरतो, शनिवारपर्यंत हाताने ओढून निघणार नाही. तो नमुना सभेत फिरवा. बाकीचे वाटाणे ओल्या फडक्यात झाकून ठेवा, नाहीतर सकाळी काड्या आत जाणार नाहीत. ताजा हिरवा मटार नको, पिचतो. वाटाणे नाही मिळाले तर काबुली चणे चालतील.

बालाघाटकर

किराणावाल्याला दोन किलो सांगून ठेवलेत. फासे मात्र साठ जमत नाहीयेत. खडूचे तुकडे घासून चौकोनी करून पाहतो.

कोलाब्याचा_पाहुणा

खडू नको, बाजू सारख्या येत नाहीत आणि सहा जास्तच पडत सुटतो. चिठ्ठ्या करा: प्रत्येकाच्या खिशात एक ते सहा, न बघता एक काढायची, परत टाकायची.