मदत हवी आहे: व्हिएन्ना ते हालस्टाट रेल्वेने, सोबत आई

सप्टेंबरमध्ये आम्ही पाच जण व्हिएन्नाहून ऑस्ट्रियातल्याच हालस्टाट गावाला निघालोय. आम्ही दोघं, ७२ वर्षांची आई, मुलगी ९ आणि मुलगा ४ वर्षांचा. सहाच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, एवढं कळलं. घोडं अडलंय अट्नांग-पुखहाइम स्टेशनवर. तिथे रेलजेट (व्हिएन्नाहून येणारी वेगवान गाडी) सोडून ग्मुंडेन, बाड इशलवरून जाणारी छोटी गाडी धरायची आहे. आईचे गुडघे आणि दोन मोठ्या बॅगा बघता दहा मिनिटांत फलाट बदलणं जमेल का? लिफ्ट आहे का?

स्वस्त तिकीट ज्या रेलजेटचं काढलं त्याच गाडीला बांधलेलं असतं आणि सीटचं आरक्षण वेगळं, म्हणून आधीच्या गाडीचंच तिकीट काढून मधे निवांत चहा घ्यावा असं मला वाटतं. नवऱ्याला हे पटत नाही. त्याला सगळंच जमतं!

दुसरं म्हणजे, स्टेशन तळ्याच्या एका काठाला आणि गाव समोरच्या काठाला. मधे बोट. आई एसटीतसुद्धा दांडा घट्ट धरून, एकेका पायरीवर थांबत चढते. बोटीत चढायची फळी फार उतरती असते का? की बाड इशललाच उतरून बस घ्यावी?

कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर कृपया सांगा. आईने दशम्या किती न्यायच्या ते आत्तापासून मोजायला घेतलंय.